पहिल्या खान्यातली अमानत

निजामभाईंवर मी पहिल्यांदा ओरडले ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही.

नेरच्या बस स्टँडमागे, कापसाच्या गाड्या वळतात त्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. रेडिओ, टीव्ही, पंखे, मिक्सर, भोंगे, सगळं दुरुस्त होतं. अर्ध्या टेबलावर त्यांची मुलगी नुजहत मोबाईल उघडून बसलेली असते, उरलेल्या अर्ध्यावर निजामभाई. मार्चचा महिना होता. दुसऱ्या दिवशी तहसीलवर आमचं धरणं. रेशनच्या मशीनवर ज्या म्हाताऱ्या बायांचे अंगठे उमटत नाहीत त्यांचं धान्य तीन महिन्यांपासून बंद होतं, आणि साहेब म्हणायचे, मशीनपुढे आमचं काही चालत नाही. ऐन वेळी आमचा भोंगा बसला. सकाळी तो निजामभाईंकडे टाकला आणि दुपारी घ्यायला गेले.

जाऊन पाहते तर हा साठीचा माणूस स्टुलावर, पाठ माझ्याकडे. समोर जुना डब्बा टीव्ही, हातात वायर लावलेलं बटणांचं खेळणं. पडद्यावर चौकोनाचौकोनांचा एक बाहुला उभा.

"भोंगा झाला का, निजामभाई?"

"दोन मिन्टं थांबजा ताई, म्हातारा बोलून राह्यला."

माझी सटकली. "तिकडं तीनशे बायांचा घास अडकला, अन् तुम्ही इथं लेकरावानी गेम खेळून राह्यले? वयाची तरी लाज धरा!" अजूनही बरंच बोलले. ते सगळं लिहीत नाही.

निजामभाईंनी मान वळवली नाही. "भोंगा अकरालेच झाला, शीलाताई. तुमच्या उजव्या हाताले, फडक्याखाली हाय. हॅलो करून पाहा."

फडकं काढलं. हॅलो केलं. दुकानातल्या काचा हादरल्या. नुजहत खाली मान घालून हसत होती.

तेव्हाच निघून जायला हवं होतं. पण हरून निघणं मला जमत नाही, म्हणून खोड काढायला मी पडद्याकडे पाहिलं. खाली काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं होती. मराठी नाही, इंग्रजी नाही, उर्दूही नाही.

"हे काय लिहिलं?"

"जपानी."

"तुम्हाले येते?"

"नाही बा."

"मंग म्हातारा काय बोलला ते समजलं कसं?"

"तेच तर पाहून राह्यलो," ते म्हणाले. "एवढे दिवस हा पाच ओळी बोले. आज सहा बोलला."

हे त्यांनी असं सांगितलं, जसं घरात कुणी आजारी माणूस उठून बसला आहे. मी भोंगा खाली ठेवला.

निजामभाईंचे वडील घड्याळजी होते. निजामभाई उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेले आणि मग वडिलांच्या टेबलाशी बसले. इंग्रजी येत नव्हतं, तरी रेडिओच्या सर्किटचे नकाशे पाहून पाहून रेडिओ शिकले. नागपूरच्या बाजारात परदेशातून आलेला जुना माल किलोवर मिळायचा. अकरा वर्षांपूर्वी असंच एक पोतं त्यांनी आणलं. त्यात टीव्हीला जोडून गेम खेळायचा एक राखाडी डब्बा निघाला आणि रबर लावून एकत्र बांधलेल्या गेमच्या तीन कॅसेटी. डब्ब्यावर शंभर व्होल्टचा आकडा होता, आपली लाइन दोनशेतीसची. त्यांनी जुन्या सेट-टॉप बॉक्सचं ॲडॅप्टर कापून त्याला जोडलं आणि डब्बा चालू झाला. दोन कॅसेटी मेलेल्या होत्या. तिसरी जिवंत होती. तिचं नाव वाचता येत नाही, म्हणून घरात तिला तलवारवाला म्हणतात.

तलवारवाल्यात नुसती मारामारी असती तर हा माणूस आठवड्यात कंटाळला असता. पण त्यात गावं आहेत. गावात घरं, घरात माणसं. माणसापाशी जाऊन बटण दाबलं की माणूस बोलतो. कुठं जायचं, काय आणायचं, कोणत्या रस्त्यानं जाऊ नको, सगळं तो सांगतो. जपानीत.

"तुम्ही बसा, दाखवतो," म्हणून त्यांनी खणातून दोन लांबोडक्या वह्या काढल्या.

मी आयुष्यात बरेच कागद पाहिले आहेत. फेरफार, सातबारा, पंचनामे, चौकशी अहवाल. पण त्या वह्यांसारखं काही पाहिलं नव्हतं. एका बाजूला निळ्या पेनानं काढलेली अक्षरं, एकेक अक्षर नक्षीसारखं कोरलेलं. दुसऱ्या बाजूला उर्दूत आणि मोडक्यातोडक्या मराठीत, ते अक्षर दिसलं तेव्हा काय घडलं ते. त्यापुढं उभ्या रेघा. एक, दोन, पाच, अकरा.

"ह्या रेघा कशाच्या?"

"गवाहीच्या. एखादा शब्द एकदा दिसला तर अंदाज. तीन वेगवेगळ्या जागी दिसला अन् तिन्ही जागी तेच झालं, तर गवाही. दहा झाल्या का मंग मी त्याले पक्का म्हंतो. समजा सरायवाल्याने काही विचारलं, मी वरचं बटण दाबलं अन् त्याने झोपाले जागा दिली. दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्या गावात खालचं दाबलं, त्याने बाहेर काढलं. म्हंजे वरचं हो, खालचं नाही. हे दोन शब्द पहिले पक्के झाले."

अक्षरांचे उच्चार त्यांना माहीत नाहीत. म्हणून त्यांनी त्यांना आकारावरून नावं दिलीत. गोगलगाय, गळ, दोन काड्या, उलटी चप्पल, पोटात गाठवाली. नुजहत सांगते, घरात तिची आई जैबुनचाचीसुद्धा आता तशीच बोलते. भाजीत मीठ जास्त झालं आणि निजामभाई कुरकुरले, की चाची खालचं बटण दाबल्यासारखा अंगठा हवेत दाबून दाखवते. म्हणजे नाही, दुसरी भाजी मिळणार नाही.

पहिल्या वहीची चाळीस पानं उलटी आहेत. उर्दूच्या सवयीनं यांनी अक्षरं उजवीकडून उतरवली. मग एक दिवस खेळातली एक म्हातारी बोलताना त्यांनी डोळा लावून पाहिलं, तर अक्षरं डावीकडून एकेक उगवत होती. "चाळीस पानं ताई, सारी उलटी! मी त्या दिवशी जेवलो नाही." पानं फाडली मात्र नाहीत. प्रत्येक पानावर वर एक बाण काढून ठेवला आहे, इकडून वाचा म्हणून.

मी सातवी नापास बाई. शासन निर्णय वाचायला मला कुणी शिकवलं नाही. 'सबब', 'उपरोक्त', 'विहित नमुन्यात', या शब्दांपुढं मी वर्षानुवर्षं बसले. कोणत्या कागदात हा शब्द आला की काम होतं आणि कोणत्यात आला की काम लटकतं, ते पाहत पाहत वाचायला लागले. मीही गवाहीच जमवत होते. पण माझ्या गवाहीतून माणसांना धान्य मिळतं, घरकुल मिळतं. या माणसाला काय मिळत होतं? रोज दुपारी नमाजनंतर चाळीस मिनिटं, गिऱ्हाईक नसताना, आणि फक्त एक म्हातारा काय बोलला ते समजावं म्हणून.

"नुजहतच्या फोनमध्ये तर कॅमेरा धरला का भाषांतर येते," मी म्हणाले.

नुजहत म्हणाली, "केलं ना मावशी. अक्षरं फुटकी हायेत, फोनले उमजत नाही. म्हातारा बोलला तर फोन म्हंते, घोड्याचा चुलतभाऊ पाणी."

"मी म्हटलं, पाह्य, तुह्या फोनलेही जपानी येत नाही," निजामभाई म्हणाले. "मले निदान म्हातारा तरी ओळखू येते."

त्या दिवशी त्यांनी पेटीची गोष्ट सांगितली. ती ऐकल्यावर मी त्या दुकानात बोलताना आवाज खाली ठेवायला लागले.

खेळात समुद्राकाठी एक गाव आहे. गावाच्या उत्तरेला फाटक, त्याला कुलूप. निजामभाई त्या फाटकापाशी एक वर्ष नऊ महिने अडकले होते. गावातल्या प्रत्येकाशी बोलून झालं, जंगलं झाली, गुहा झाल्या. चाबी सापडेना. एका घरात एक म्हातारा राहायचा आणि त्याच्या खाटेजवळ एक पेटी होती.

"मंग उघडाची ना पेटी!" मी म्हटलं.

निजामभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाच्या घरातली, ताई? न विचारता?"

"अहो, खेळ आहे तो!"

"खेळ तर उघडू देते. बटण दाबलं का उघडते. पण आपण उघडाव का? जंगलातली पेटी बेवारस. ती मी उघडतो. घरातली घरवाल्याची." मग पुढं म्हणाले, "म्हातारा काहीतरी म्हणे. पण तो घे म्हंते का हात लावू नको म्हंते, मले काय माहीत? त्याच्या वाक्यात शेवटी चार अक्षरं होती, त्याचा अर्थ माह्यापाशी नव्हता."

पावणेदोन वर्षं. बटण अंगठ्याखाली होतं, पेटी समोर होती, पाहणारं कुणी नव्हतं.

मग डोंगरातल्या एका झोपडीत म्हातारीनं त्यांना दवा दिली आणि तीच चार अक्षरं म्हणाली. एक गवाही. पुढं एका राजानं ढाल दिली, तीच चार अक्षरं. दोन. एका लहान मुलीनं फूल दिलं. तीन. निजामभाईंनी वहीत तिसरी रेघ मारली, आणि अख्खा नकाशा परत चालत समुद्राकाठच्या त्या घरी आले. म्हाताऱ्याशी पुन्हा बोलले. तीच चार अक्षरं.

"म्हातारा पावणेदोन वर्षांपासून म्हणून राह्यलता, घे बाबा, घे. मलेच समजत नव्हतं. मंग उघडली. चाबी होती."

मी भोंगा उचलला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी तहसीलवर माझा आवाज ठणठणीत लागला, पण मनात तो म्हातारा होता.

आठ दिवसांनी भोंग्याची वायर घेऊन पुन्हा गेले. टीव्ही बंद होता. निजामभाईंसमोर ती कॅसेट उघडी पडली होती, आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर रुपयाएवढा सेल. मीटरच्या दोन्ही काड्या सेलला लावून ते आकडा पाहत होते.

"दोन पॉइंट एक," नुजहत म्हणाली. "मागच्या साली दोन पॉइंट सहा होता. दोनच्या खाली गेला का समदं पुसलं."

तेव्हा कळलं ते असं. खेळ जिथं सोडला तिथून पुन्हा धरता यावा म्हणून कॅसेटमध्ये तीन खाने असतात. खान्यात तुमचं नाव आणि तुम्ही कितव्या पायरीवर आहात तो आकडा. हे सगळं त्या एका सेलवर जिवंत असतं. निजामभाईंचा खेळ दुसऱ्या खान्यात, पायरी एकेचाळीस. तिसरा रिकामा.

"अन् पहिला?"

"पहिला माह्या नाही," निजामभाई म्हणाले. "तो आलाच भरलेला."

कॅसेट पोत्यातून निघाली तेव्हा पहिल्या खान्यात चार अक्षरांचं एक नाव होतं आणि तेवीसचा आकडा. जपानातल्या कुणा लेकरानं तीस वर्षांपूर्वी खेळ तेविसाव्या पायरीवर सोडला होता. कोण, कुठलं, मुलगा की मुलगी, काही माहीत नाही. अकरा वर्षांत निजामभाईंनी तो खाना एकदाही उघडला नव्हता. पुसायचं तर दूरच.

"वडील सांगे, गिऱ्हाईकाच्या घड्याळाच्या झाकणात कोणाचा फोटो असला, चिठ्ठी असली, तर घड्याळ धुवा पण ते जसंच्या तसं परत ठेवा. ते आपलं नाही. अमानत हाय."

नुजहत वैतागली होती. "अब्बा, ते लेकरू आता चाळीस-पन्नासचं असन. त्याले यादही नसन. साधा नवा सेल टाकू, पुसलं तर पुसलं."

"त्याले याद नसन. पण माह्यापाशी हाय ना."

सेल बदलायचा तर जुना काढल्याबरोबर सगळं पुसलं जातं. म्हणून आधी बाजूनं दुसरी वीज द्यायची. दोन पेन्सिल सेल, त्यांच्या दोन बारीक तारा पट्टीवर टेकवायच्या, मग जुना काढायचा, नवा बसवायचा, मग तारा सोडवायच्या. सोल्डरिंग तापवून आधी त्याचा प्लग काढायचा, कारण लाइनची जराशी गळती लागली तरी खेळ खल्लास. प्लग काढल्यावर हातात वीस सेकंद, मग ते थंड होतं. निजामभाईंचे हात हिवाळ्यापासून थरथरायला लागले होते. म्हणून सोल्डरिंग नुजहतच्या हातात.

"पेन्सिल सेलच्या डबीची स्प्रिंग ढिली हाय," ती म्हणाली. "कोणीतरी दाबून धराव लागन."

"मी धरते," मी म्हटलं.

मी अंगठ्यानं डबी दाबली. नुजहतनं तारा टेकवल्या. निजामभाई मीटर धरून आकडा सांगत होते. "तीन. तीन हाय. चालू दे." नुजहतनं प्लग उपटला, जुना सेल सुटला आणि चिमट्यानं बाजूला ठेवला गेला. त्या क्षणी पट्टीवर स्वतःचा सेल नव्हता. त्या जपानी लेकराचं नाव माझ्या अंगठ्याखाली होतं.

तेवढ्यात चौकातला केबलवाला विक्की दुकानात शिरला. हातात बिघडलेला रिमोट.

"बाप्पा! अख्खं दुकान ऑपरेशनले बसलं का? काय चाचा, अजून खेळणंच? अन् शीलाताई, धरणं सोडून तुम्ही आता सेल धरून बसल्या?"

"तुह्या बापाचं काय जाते रे!" मी गर्रकन वळले.

"मावशी!" नुजहत किंचाळली.

अंगठा हलला होता. डोळ्याची पापणी लवेल एवढाच. मी लगेच दाबला, पण निजामभाई आकडा सांगायचे थांबले होते. मग म्हणाले, "तीन. चालू दे बेटा."

नवा सेल बसला. तारा सुटल्या. कॅसेट बंद झाली. विक्की रिमोट घेऊन दाराशीच उभा होता, मी त्याच्याकडे पाहत नव्हते म्हणून त्याला जाताही येत नव्हतं.

टीव्ही लावला. निजामभाईंनी कॅसेट खाचेत बसवली, खटका ओढला. गाणं वाजलं. बटण दाबल्यावर तीन खाने आले.

पहिल्या खान्यात चार अक्षरं आणि तेवीस.

दुसरा रिकामा.

मला वाटलं अजून काही उगवेल, म्हातारीच्या बोलण्यासारखं, एकेक. काही उगवलं नाही. वीज क्षणभरच तुटली म्हणून सगळं न जाता एकच खाना पुसला गेला होता. अकरा वर्षं, एकेचाळीस पायऱ्या. मागच्याच आठवड्यात ते म्हणाले होते की शेवट जवळ असावा, कारण दुकानदारांकडे आता नवं काही विकायला उरलं नाही.

"माझ्यामुळं झालं," मी म्हटलं. आयुष्यात हे वाक्य मी मोजून किती वेळा बोलले असेन, पण त्या वेळी आपोआप निघालं.

निजामभाई पहिल्या खान्याकडे पाहत होते. बोटानं काचेवर ती चार अक्षरं त्यांनी एकेक करून तपासली, जशी आम्ही यादीत नावं तपासतो.

"पुरा हाय," ते म्हणाले. "एक काडी इकडची तिकडं नाही. आता अजून तीस वर्षं पाह्यचं काम नाही."

"निजामभाई, तुमचा गेला!"

"माह्या होता, माह्या गेला. हा गेला असता तर कोणाले तोंड दाखवलं असतं?"

"कोणाले दाखवाचं? त्या माणसाले तुम्ही माहीतही नाही!"

"माहीत असतो तर तो घ्यायले आला असता. देऊन मोकळा झालो असतो." ते स्टुलावर नीट सरकून बसले. "तो येत नाही तोवर ठेवाव लागते."

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी विक्कीला म्हटलं, "उभा काय राह्यला? बस." तो बसला.

निजामभाईंनी दुसऱ्या खान्यावर बोट ठेवलं आणि नवा खेळ सुरू केला. पडद्यावर एक छोटं घर आलं. बाहुला खाटेवरून उठला. चुलीजवळ एक बाई उभी होती. तिच्यापाशी जाऊन त्यांनी बटण दाबलं. काळ्या पट्टीत अक्षरं उगवायला लागली, डावीकडून, एकेक.

अकरा वर्षांपूर्वी याच बाईपुढं ते आंधळ्यासारखे उभे राहिले होते. आता त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"हे त्याची माय हाय," ते म्हणाले. "ते म्हंते... उठला का बेटा. सकाळ झाली. राजाने... राजाने बोलावलं हाय तुले." बोट ओळीवरून सरकत होतं. "इथं एक शब्द हाय, तो मले आजही येत नाही. गोगलगाय अन् गळ. मंग म्हंते, रस्त्यात रात झाली तर सरायमध्ये झोपजो. एकटा जाऊ नको." ते थांबले. "पहिल्या खेपेले हे समदं बोलली होती, ताई. मी बटण दाबत पुढं निघून गेलतो."

मी तहसीलदारांसमोर उभी राहिलेली बाई. कलेक्टरांच्या टेबलावर हात आपटलेली. पण त्या दुकानात, दुपारच्या उन्हात, एक चौथी शिकलेला माणूस कुणीही न शिकवलेल्या भाषेत एका आईचं बोलणं वाचत होता, आणि मी त्यांच्या स्टुलामागं उभी राहून ऐकत होते. नुजहत अकरा वर्षांत कधी त्या टीव्हीपुढं बसली नव्हती. तिनं गिऱ्हाईकाचा उघडा मोबाईल तसाच ठेवला आणि बापाच्या स्टुलाजवळ खाली बसली. विक्की रिमोट मांडीवर ठेवून पुढं वाकला होता.

बाहुला घराबाहेर पडला. शेजारच्या घरात शिरला. तिथं कोपऱ्यात एक पेटी होती, आणि खिडकीपाशी एक बाई.

"चाचा, पेटी!" विक्की म्हणाला. "उघडा ना."

"थांब जराक," निजामभाई म्हणाले, आणि बाहुल्याला खिडकीकडे वळवलं. "आधी ते बाई काय म्हंते, ते ऐकू दे."